काटा, केबल आणि ३.४ चं कर्नल : काही टिपणं

भरलेली गाडी ९,३५० किलो. रिकामी गाडी ५६० किलो. निव्वळ माल ८,७९० किलो.

खामगाव तालुक्यातल्या एका जिनिंगच्या काट्यावरची ही छापील पावती. ट्रक ५६० किलोचा नसतो, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. काट्यावर बसणाऱ्या पोराने ते लगेच ओळखलं आणि ५६० च्या आधी पेनने ४ लिहिला. रिकाम्या गाडीचं खरं वजन ४,५६०, माल ४,७९०. भिंतीवरच्या लाल आकड्यांच्या डिस्प्लेवर सगळा वेळ ४,५६० च दिसत होतं. काटेवाल्याचं निदान एका ओळीचं होतं : "काटा बराबर हाय भाऊ, कम्प्युटरच बह्याडलं."

निदान बरोबर निघालं. फक्त कम्प्युटर नेमका कुठे बह्याडला ते शोधायचं होतं.

*

आधी मांडणी लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं कळेल. प्लॅटफॉर्मखाली लोडसेल. त्यांच्या तारा केबिनमधल्या इंडिकेटरला जोडलेल्या. इंडिकेटर वजन ठरवतो आणि सीरियल पोर्टमधून ते एकसारखं ओकत राहतो. कुणी विचारो न विचारो. त्याचा एक फाटा मोठ्या डिस्प्लेला, दुसरा पावती छापणाऱ्या डब्याला. डबा म्हणजे एआरएम प्रोसेसरचा छोटा बोर्ड, वर टचस्क्रीन, आत लिनक्स. कर्नल ३.४, चिप बनवणाऱ्याने स्वतःच्या ठिगळांसह दिलेलं. मूळ ३.४ मे २०१२ मध्ये आलं, यावरून डब्याचं वय समजावं.

डब्याला नऊ पिनांचा पोर्ट नाही, म्हणून मध्ये यूएसबी-ते-सीरियल केबल. मृगात वीज पडली आणि जुनी केबल जळाली. मालकाने अकोल्याहून नवी आणली, निळी पारदर्शक, आत सीएच३४० चिप. चीनमधल्या नानजिंगच्या कंपनीची ही चिप, आणि स्वस्त केबल घ्यायला गेलं की आता बहुधा तीच हातात पडते. केबल लावली, बत्ती लागली, आकडे आले. कपाशीचा हंगाम सुरू होईपर्यंत कुणाला शंका आली नाही.

*

आता आकड्यांची गंमत. हा इंडिकेटर प्रत्येक अक्षर सात बिटांत पाठवतो आणि आठवा बिट सम पॅरिटीचा. म्हणजे सात बिटांत एकांची संख्या विषम असेल तर आठवा बिट १, सम असेल तर ०. घेणाऱ्याने तो आठवा बिट तपासायचा आणि काढून टाकायचा. घेणारा जर समजत असेल की पॅरिटी बिरिटी काही नाही, आठही बिट मजकुराचेच आहेत, तर काय होईल?

'३' या अक्षराचा कोड हेक्समध्ये ३३. त्यात चार एक, सम संख्या, आठवा बिट शून्य. घेणाऱ्याला ३३ च मिळतो, म्हणजे '३' सुखरूप. '४' चा कोड ३४. त्यात तीन एक, विषम, आठवा बिट एक. घेणाऱ्याला मिळतो बी४, आणि बी४ हा कुठलाच आकडा नाही. कागदावर दहाही आकडे करून पाहा : ०, ३, ५, ६, ९ सुखरूप पोचतात, १, २, ४, ७, ८ बिघडतात.

९,३५० मध्ये एकही बिघडणारा आकडा नाही. ४,५६० मध्ये एकच आहे, नेमका पहिला.

एरवी असा गोंधळ फार काळ लपत नाही. चुकीच्या वेगाने वाचलं तर कचरा दिसतो, आणि कचरा बरा; तो लपत नाही. इथे दोन्ही बाजूंची लांबी जुळते : एक स्टार्ट बिट, सात मजकुराचे, एक पॅरिटी, एक स्टॉप, झाले दहा. दुसरीकडे एक स्टार्ट, आठ मजकुराचे, एक स्टॉप, तेही दहा. चौकट तंतोतंत बसते, कुठलीच चूक नोंदली जात नाही, आणि निम्मे आकडे खरेच बरोबर येतात.

*

दहा किलोचा भाग असलेल्या काट्यावर शेवटचा आकडा नेहमी शून्य, तो वाचतोच. उरलेले तीन आकडे सुखरूप येण्याची शक्यता ढोबळमानाने आठात एक. पावतीसाठी भरलेली आणि रिकामी अशी दोन वजनं लागतात, म्हणजे चौसष्टात एक पावती पूर्ण बरोबर. म्हणून अशी तक्रार नेहमी "कधी कधी बरोबर येतं" या शब्दांत येते, आणि ऐकणारा वायर हलवून निघून जातो.

*

पावतीच्या प्रोग्रामबद्दल एक शेरा. ज्याने तो लिहिला त्याने न समजलेलं अक्षर गाळून उरलेले आकडे जोडायचं ठरवलं. हे मला ड्रायव्हरमधल्या उणिवेपेक्षा वाईट वाटतं. वजनाच्या ओळीत एक अक्षर खराब आलं तर अख्खी ओळ टाकून द्यावी. इंडिकेटर क्षणात दुसरी पाठवणारच आहे. गाळून जोडणं म्हणजे शेतकऱ्याच्या मालाबद्दल अंदाज करणं. त्या प्रोग्रामचा सोर्स मात्र आता कुणाकडेच नाही.

*

ड्रायव्हर उघडून पाहिला. सीएच३४१ नावाची एकच फाइल, सीएच३४० ही तीच चालवते. फ्रँक किंग्सवूड आणि वेर्नर कॉर्नेलियस यांची २००७ ची नावं वर आहेत. ३.४ मधल्या या फाइलीत वेग बदलण्याच्या फंक्शनपाशी एक साधी टीप लिहिलेली आहे : मजकुराचे बिट किती, पॅरिटी कुठली, स्टॉप बिट किती, हे अजून केलेलं नाही.

बस. इतकं प्रामाणिक आणि इतकं धोकादायक. कारण ही टीप फाइल उघडणाऱ्यालाच दिसते. प्रोग्राम वरून म्हणतो, मला सात बिट आणि सम पॅरिटी हवी; कर्नल म्हणतं, ठीक; चिपला कुणी काहीच सांगत नाही. पोर्टची सेटिंग दाखवणाऱ्या आणि बदलणाऱ्या एसटीटीवाय या आज्ञेला विचारलं तर तीही सात बिट, सम पॅरिटी असंच छापते. प्रत्येक पायरीवर होकार आहे, फक्त कामाच्या ठिकाणी नाही.

जुन्या केबलमधली चिप वेगळी होती, तिच्या ड्रायव्हरला पॅरिटी येत होती. म्हणून इतकी वर्षं हे झाकलेलं राहिलं.

*

दुरुस्ती जगात कधीच झाली आहे. पॅरिटी, बिटांची संख्या आणि स्टॉप बिट यांची भर ग्रिगोरी गोरोन्झी यांनी २०१६ मध्ये घातली. जानेवारी २०१७ मध्ये यूएसबी-सीरियल विभाग सांभाळणारे योहान होव्होल्ड यांनी त्याच फाइलीवर दुरुस्त्यांची एक मालिका केली : वेग आणि लाइन-कंट्रोलची नोंद, रीसेटनंतर पुन्हा सुरू होणं, मोडेमच्या तारांची सुरुवातीची स्थिती, चुकीचे संदेश आल्यावर काय करायचं. त्या हिवाळ्यानंतरचं कर्नल असलं की हा प्रश्न उद्भवत नाही.

नवं कर्नल का नाही टाकलं, असं विचारणारा पहिला माणूस नेहमी पुण्याचा असतो. टाकता आलं असतं तर टाकलं असतं. डब्याच्या टचस्क्रीनचा ड्रायव्हर तयार मोड्यूल म्हणून आला आहे, सोर्सशिवाय, आणि तो ३.४ च्या त्या एकाच बांधणीला चिकटतो. कर्नल बदललं की स्क्रीन मेली. स्क्रीन मेली की डबा मेला, आणि बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग.

*

इंडिकेटरचीच सेटिंग बदलून आठ बिट, बिनापॅरिटी करावी? सुचतं सगळ्यांना. या इंडिकेटरचा तो मेनू आतल्या जंपरशिवाय उघडत नाही आणि पेटीवर वैधमापन निरीक्षकाचं सील आहे. वैधमापनशास्त्र कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०११ पासून. काट्याची फेरतपासणी दरवर्षी. सील तोडलं की काटा बंद ठेवून निरीक्षकाची वाट पाहणं आलं. हंगामात हे कुणी करणार नाही, आणि कुणी चोरून करावं असं मी सांगणार नाही.

दुसऱ्या चिपची केबल घ्यावी? हा सल्ला खरा, आणि मी तो आधी दिलाही. एक जास्तीची केबल आता कपाटात आहे. पण पुढच्या मृगात पुन्हा वीज पडेल, काट्यावर तेव्हा दुसराच पोरगा असेल आणि तो मोबाइलच्या दुकानात मिळेल ती केबल लावेल. ती बहुधा निळीच असेल. दुरुस्ती डब्यात असली तर केबल कुठलीही चालते.

*

आयस्ट्रिप. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये या नावाचा एक जुना झेंडा आहे. तो लावला की येणाऱ्या प्रत्येक अक्षराचा आठवा बिट कापला जातो. एसटीटीवायची एक ओळ, बी४ चा पुन्हा ३४, आणि कर्नलला हात लावायची गरज नाही. ज्याच्या काट्यावर हे चालत असेल त्याने हेच करावं आणि पुढची टिपणं वाचू नयेत.

आमच्याकडे चाललं नाही, कारण पावतीचा प्रोग्राम पोर्ट उघडतानाच टर्मिनल कच्च्या स्थितीत नेतो आणि आयस्ट्रिप पुसून टाकतो. सोर्स नाही, म्हणून तिथे काही करता येत नाही.

*

मग बॅकपोर्ट. नव्या कर्नलमधली दुरुस्ती उचलून जुन्या कर्नलला बसेल अशी करणं. गिटमध्ये चेरी-पिक म्हणून आज्ञा आहे. ती दिली की अपेक्षेप्रमाणे संघर्ष दाखवते, कारण मधल्या वर्षांत फाइल खूप बदलली. पॅरिटीच्या भरीआधी एक बदल आहे, ज्यात चिपच्या रजिस्टरांना नावं दिली. जुन्या फाइलीत नुसते आकडे : विनंती ९ए, रजिस्टर २५१८. आता दोन वाटा. तो नामकरणाचा बदल आधी घ्यावा आणि मग पॅरिटीचा जसाच्या तसा. किंवा नुसती पॅरिटी, जुन्या आकड्यांच्या भाषेत पुन्हा लिहून.

स्थिर कर्नल, म्हणजे प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत फक्त दुरुस्त्या उतरवलेलं कर्नल, सांभाळणारे पहिली वाट पसंत करतात. पुढच्या दुरुस्त्या सहज बसाव्यात म्हणून जुनी फाइल नव्यासारखी ठेवायची, हे त्यांचं तर्कशुद्ध धोरण आहे. पण या डब्यावर पुढच्या दुरुस्त्या कुणी आणणार नाही. इथे मी दुसरी वाट घेतली. जितक्या ओळी कमी, तितकं रात्री साडेदहाला केबिनमध्ये उभं राहून वाचणं सोपं.

*

प्रत्यक्ष काम सांगतो. चिपच्या लाइन-कंट्रोल रजिस्टरमध्ये एक बाइट लिहायचा असतो. घेणं चालू ८०, पाठवणं चालू ४०, सम पॅरिटी १०, पॅरिटी सुरू ०८, दोन स्टॉप बिट असतील तर ०४, सात बिटांसाठी ०२, आठांसाठी ०३. आठ बिट बिनापॅरिटीची बेरीज हेक्समध्ये सी३. सात बिट सम पॅरिटीची डीए. सगळा बखेडा सी३ आणि डीए यांच्यातल्या फरकाचा.

हे बिट पाहून जुन्या माणसाला ओळख पटते. पहिल्या आयबीएम पीसीबरोबर १९८१ मध्ये आलेल्या ८२५० चिपच्या लाइन-कंट्रोल रजिस्टरमध्ये खालचे सहा बिट याच क्रमाने होते. नॅशनल सेमीकंडक्टरने मांडलेला क्रम नानजिंगच्या चिपने तसाच ठेवला आहे. खालचे सहा बिट वाचायला चिपचं माहितीपत्रक लागलंच नाही.

*

३.४ आणि आजच्यात टीटीवायचा सांगाडा बदलला आहे. तेव्हा टीटीवायच्या आत टर्मियोसचा, म्हणजे टर्मिनलच्या सेटिंगचा, पॉइंटर होता, ३.७ पासून ती वस्तूच आत बसवली. म्हणजे नव्या कोडमध्ये जिथे टिंब आहे तिथे जुन्यात बाण हवा. पण गोरोन्झी यांनी फाइलीत थेट टर्मियोसला हात न लावता कर्नलचे मॅक्रो वापरले : सी-पॅरेनबी, सी-पॅरॉड, सी-सीसाइझ, सी-सीस्टॉपबी. ते मॅक्रो ३.४ मध्येही आहेत आणि बाण-टिंबाचा फरक ते स्वतःच्या पोटात घेतात. चार ओळी न बदलता बसल्या.

पाचवी नाही बसली. सी-सीएमएसपार हा मॅक्रो मार्क आणि स्पेस पॅरिटीसाठी, आणि तो कर्नलमध्ये २०१६ मध्ये आला. ३.४ ला त्याचं नावही माहीत नाही. कंपायलर तिथे थांबला. ती ओळ गाळता आली असती. मार्क पॅरिटीचा काटा मी तरी बुलडाणा जिल्ह्यात पाहिला नाही. तरी टर्मियोसच्या झेंड्यांतून तो बिट हाताने वाचून ओळ ठेवली. कारण गाळलेली गोष्ट पुन्हा "अजून केलेलं नाही" अशी टीप होऊन बसते, आणि तसली टीप काय करते ते त्या पावतीवर छापलेलं होतं.

होव्होल्ड यांच्या मालिकेतलं काहीच घेतलं नाही. मोडेमच्या तारा या काट्याला जोडलेल्याच नाहीत. दोन, तीन आणि पाच एवढ्याच पिना वापरात.

*

जुन्या कर्नलला जुना कंपायलर लागतो, हे प्रत्येक पिढीला नव्याने कळतं. आजचा जीसीसी घेऊन ३.४ बांधायला बसलं तर पहिल्या मिनिटात तो कंपायलरच्या आवृत्तीच्या नावाची हेडर फाइल मागतो आणि ती नसते. तेव्हा प्रत्येक मोठ्या आवृत्तीसाठी वेगळी फाइल असे. पाचव्यासाठी कुणी केलीच नव्हती कारण पाचवा आलाच नव्हता. २०१५ मध्ये, ४.२ पासून त्या सगळ्या एका फाइलीत आणल्या. त्यातून सुटलात की टाइमकॉन्स्ट नावाची पर्लची स्क्रिप्ट अडते : त्यात अ‍ॅरेवर 'डिफाइन्ड' लावलेलं आहे आणि पर्ल ५.२२ पासून ते चालत नाही. एक शब्द काढला की पुढे जातं.

यातलं काहीच सीरियलशी संबंधित नाही. पण वेळ इथेच जातो, दुरुस्तीत नाही.

*

मोड्यूल चढवताना कर्नल त्याची जातकुळी तपासतं : आवृत्ती, एसएमपी आहे का, प्रीएम्प्ट आहे का, कुठला एआरएम. एक अक्षर इकडेतिकडे झालं की प्रवेश नाही. चालू डब्यातून कॉन्फिग काढून त्यावरच बांधावं. जबरदस्तीने चढवायची सोय आहे. काट्यावर ती वापरू नये.

*

खामगावात वजनाला वेगळाच इतिहास आहे. कापसासाठी जलंब ते खामगाव असा रेल्वेचा छोटा फाटा सरकारने बांधला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः त्याच्या उद्घाटनाला आला. इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता. तेव्हापासून इथे माणसं काट्याकडे संशयाने पाहत आली आहेत, आणि बहुतेक वेळा त्यांना कारण होतं. आता काट्यात खोट नसून केबलमधल्या चिपच्या ड्रायव्हरमध्ये आहे, असं अडत्याच्या ओट्यावर बसलेल्या शेतकऱ्याला सांगून पाहा. मी सांगून पाहिलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग मागच्या आठवड्यातल्या पावत्यांचं काय?" प्रश्न बरोबर होता. हाताने दुरुस्त केलेल्या सगळ्या पावत्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासल्या गेल्या.

*

स्थिर कर्नलची पद्धत २००५ मध्ये सुरू झाली, २.६.११ पासून, ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि ख्रिस राइट या दोघांनी. नियम आजही वाचण्यासारखे आहेत. दुरुस्ती आधी लिनक्सच्या मुख्य झाडात गेलेली असावी. ती उघडपणे बरोबर आणि तपासलेली असावी. आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींपेक्षा मोठी नसावी. खऱ्या माणसाला छळणारी खरी अडचण सोडवणारी असावी. "असं होऊ शकेल" या भीतीपोटी नको.

शेवटचा नियम मला सगळ्यांत आवडतो. गावातल्या दुरुस्तीवाल्याला तो आपोआप माहीत असतो, कारण भीतीच्या दुरुस्तीचे पैसे कुणी देत नाही.

*

एवढे नियम पाळूनही काय होतं, ते याच फाइलीवर २०२१ मध्ये दिसलं. विली तारो यांना जास्त वेगावर अक्षरं गहाळ होताना दिसली. त्यांनी घेण्याचा बफर मोठा केला. छोटासा बदल, उघडपणे बरोबर. तो मुख्य झाडात गेला, तिथून जुन्या स्थिर कर्नलांतही उतरला. मग दुसऱ्या लोकांच्या उपकरणांवर वाचन अडकू लागलं. कारण असं की यूएसबी पाकिटाच्या कमाल आकाराच्या पटीत मजकूर आला की पाठवणं संपलं हे सांगायला शून्य लांबीचं पाकीट लागतं, आणि ही चिप ते पाठवत नाही. ड्रायव्हर बफर भरण्याची वाट पाहत बसतो. होव्होल्ड यांनी त्याच वर्षी बदल मागे घेतला, आणि मागे घेण्याचा बदलही सगळ्या जुन्या कर्नलांत उतरवावा लागला.

तारो हे काही नवशिके नव्हेत. २.४, २.६.३२ आणि ३.१० ही म्हातारी कर्नलं त्यांनीच वर्षानुवर्षं सांभाळली. चिपच्या स्वभावाची माहिती कागदावर नसेल तर ती असल्याच मार्गाने मिळते. पण म्हणूनच मी काट्यावर दोन दुरुस्त्या एकदम कधीच चढवत नाही.

*

केबलवर काय छापलं आहे यावर विश्वास ठेवू नये. एफटीडीआय या नामांकित कंपनीच्या चिपच्या नकला इतक्या झाल्या की ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीच्या विंडोजच्या ड्रायव्हरने नकली चिप ओळखून तिचा ओळखक्रमांक शून्य करून टाकायला सुरुवात केली. केबल मेल्यासारखी. ती लिनक्सला जोडली तरी शून्य क्रमांकाची चिप कुणाची, म्हणून ड्रायव्हर पुढे येईना. लिनक्सवाल्यांनी त्याच महिन्यात पेरी हंग यांची छोटीशी भर स्वीकारली : शून्य क्रमांक दिसला तरी आपली म्हणा. तीही जुन्या स्थिर कर्नलांत उतरवली. मला कंपनीची बाजू कळते, नकलेने तिचं नुकसान होतच होतं. पण शिक्षा झाली ती दुकानदारावर भरवसा ठेवून केबल घेणाऱ्याला. मलकापूर-नांदुऱ्याच्या दुकानात 'ओरिजिनल' लिहिलेली केबल घेणारा काटेवाला चिप फोडून बघणार आहे थोडाच.

*

चाचणी. सुट्या वायरने दोन आणि तीन नंबरची पिन जोडून पाठवलेलं परत आलं की बांधणी ठीक. पण खरी परीक्षा बिघडणाऱ्या पाच आकड्यांची, आणि ते आकडे काट्यावर आणायचे तर वजन हवं. एक ट्रॅक्टर उभा केला : २,१८०. दोन, एक, आठ तिथेच मिळाले. मग हमाल एकेक करून चढले. प्रत्येक चढणाऱ्याबरोबर पावतीवर आणि भिंतीवर तोच आकडा, मापारी मोठ्याने वाचून दाखवत होता. चार लवकर आला. सातासाठी जरा थांबावं लागलं. २,४७० ला तोही आला. वर उभ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, काट्याने थोडा वेळ आकडा हलता ठेवला.

नंतर केबल काढून पुन्हा लावून, डबा बंद-चालू करून हेच. रीसेटनंतर सेटिंग टिकते का, हे पाहिल्याशिवाय निघू नये. वीज जाणं हा इथला रोजचा रीसेट आहे.

*

आरएस-२३२ ची तार लांब नेऊ नये. काटा आणि ऑफिस यांच्यात अंतर असेल तर आरएस-४८५ चा कन्व्हर्टर लावावा, तो बाराशे मीटरपर्यंत जातो. आणि विजेपासून बचावाचं साधन लावावं. केबल जळाली नसती तर यातलं काहीच घडलं नसतं.

*

पुढे हे काम अवघड होत जाणार. सीरियलच्या गाभ्यात पाठवण्याचा मजकूर ठेवायची जुनी गोल रांग ६.१० मध्ये काढून तिथे केफिफो आणला. टर्मियोस बदलण्याच्या फंक्शनला मिळणारी जुनी सेटिंग ६.१ पासून कॉन्स्ट झाली. प्रत्येक बदल योग्य, प्रत्येकाने जुन्या-नव्यातलं अंतर थोडं वाढवलं. आजची दुरुस्ती ३.४ ला बसवणं म्हणजे ती नव्याने लिहिणंच.

दीर्घ मुदतीची कर्नलंही कायमची नसतात. ४.१९ ची मुदत डिसेंबर २०२४ मध्ये संपली. रेल्वे, वीजकेंद्रं, कारखाने यांच्यासाठी लिनक्स फाउंडेशनचा सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म २०१६ पासून काही निवडक कर्नलं दहा वर्षं सांभाळायचं ठरवून बसला आहे, ४.४ हे त्यातलं पहिलं. तालुक्याच्या काट्यासाठी डबा विकत घेताना आत कुठलं कर्नल आहे हे विचारणारा खरेदीदार मला अजून भेटलेला नाही. विकणाऱ्यालाही बहुधा माहीत नसतं. कर्नल जीपीएलखाली आहे, त्याचा सोर्स मागायचा हक्क घेणाऱ्याला आहे. तो खरेदीच्या दिवशी मागितला तर मिळण्याची शक्यता असते, दहा वर्षांनी विकणाराच सापडत नाही.

*

शेवटी कामाचं. तुमच्याकडे काटा, दूधसंकलनाचं यंत्र किंवा कुठलाही जुना डबा ४.१० च्या आधीच्या कर्नलवर चालत असेल आणि केबल सीएच३४० ची असेल, तर छापील पावत्यांचा गठ्ठा काढा आणि यंत्राकडून आलेल्या वजनांत (वजाबाकीने काढलेल्या निव्वळ वजनात नव्हे) १, २, ४, ७, ८ हे आकडे शोधा. एकही सापडला नाही, तर आजच काम थांबवा. दुरुस्ती झाल्यावर पॅच, कॉन्फिग आणि ज्याने बांधलं तो कंपायलर, तिन्ही एका पेनड्राइव्हवर टाकून तो डब्यालाच चिकटवून ठेवा. पुढच्या मृगात मी असेनच असं नाही.